बी का उगवत नाही? तापमान, सुप्तावस्था आणि उगवण : कोल्हापूर परिसरातले नेहमीचे प्रश्न

जानेवारीत भेंडी उगवत नाही, मे महिन्यात कोथिंबीर उगवत नाही, आणि काढणीच्या तोंडावर वळीव झाला की भुईमूग मात्र शेंगेतच उगवून बसतो. तिन्ही तक्रारींत तापमानाचा हात आहे, पण प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या तऱ्हेने चालतो. खालचे प्रश्न शिरोळच्या भाजीपाल्यापासून चंदगडच्या भातापर्यंत आणि शहरातल्या गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत सगळीकडून येतात. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एकदा वाचावेत.

बी उगवलं नाही म्हणजे ते मेलं का?

तसं लगेच म्हणता येत नाही. न उगवलेल्या बियाच्या तीन अवस्था असू शकतात. एक, बी खरंच मेलंय. दोन, बी जिवंत आहे, उगवायला तयारही आहे, पण ओल किंवा तापमान पुरेसं नाही. ते फक्त थांबलंय. तीन, ओल, हवा आणि तापमान सगळं जुळलं तरी बी उगवत नाही, कारण आतूनच अडवणूक आहे. ही तिसरी अवस्था म्हणजे खरी सुप्तावस्था.

ओळखायचं कसं? दहा-बारा दिवसांनी माती उकरून चार बिया काढा आणि बोटांनी दाबा. पचकन फुटून घाण वास आला तर बी मेलेलं. फुगलेलं पण घट्ट असेल तर जिवंत आहे, थांबलंय किंवा सुप्त आहे. खड्यासारखं कडक आणि पेरलं तेवढ्याच आकाराचं राहिलं असेल, तर पाणी आत शिरलेलंच नाही. प्रयोगशाळेत हेच टेट्राझोलियम नावाच्या द्रावणाने तपासतात. श्वसन चालू असलेला जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरट राहतो. शेतकऱ्याला बोटांची चाचणी पुरते.

तापमान नेमकं करतं काय?

दोन कामं, आणि या दोन कामांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिलं काम उगवणीचा वेग ठरवण्याचं. बी ओलं झालं की आत विकरांचं (एन्झाइमांचं) काम सुरू होतं, साठवलेलं पिष्ट आणि तेल फुटू लागतं. ही रासायनिक कामं गारठ्यात मंद आणि उबेत जलद चालतात. फार उष्णतेत विकरं बिघडतात. म्हणून प्रत्येक पिकाला किमान, सर्वोत्तम आणि कमाल असं तापमान असतं.

दुसरं काम सुप्तावस्था सोडवण्याचं किंवा घट्ट करण्याचं. बियाच्या आत दोन संप्रेरकांची ओढाताण चालू असते. ॲब्सिसिक आम्ल बियाला धरून ठेवतं, जिबरेलिन त्याला उगवायला लावतं. कोणाची सरशी होणार हे बऱ्याच अंशी तापमान ठरवतं. सफरचंदाच्या बीला कित्येक आठवडे गारवा मिळाला की पारडं जिबरेलिनकडे झुकतं. ताज्या भाताला उलट कोरडी उष्णता लागते. म्हणजे जे तापमान एका बियाला सोडवतं तेच दुसऱ्याला अडवू शकतं. ‘बियाला ऊब द्या’ हा सरसकट सल्ला त्यामुळेच फसतो.

कोणत्या बियाला किती तापमान लागतं?

गहू तीन-चार अंश सेल्सिअसलाही हळूहळू मोड काढतो आणि २० ते २५ अंशांत सर्वांत चांगला येतो. भाताला किमान १० ते १२ अंश हवेत, पण खरा जोर ३० ते ३५ अंशांत. मका ८ ते १० अंशांना सुरुवात करतो आणि तिशीच्या पुढे झपाट्याने येतो.

भाजीपाल्यात हा फरक डोळ्यांत भरतो. टोमॅटो २५ अंशांत साधारण ६ दिवसांत वर येतो, २० अंशांत ८, १५ अंशांत १४, आणि १० अंशांत तब्बल ४३ दिवस घेतो. भेंडी ३० अंशांत ७ दिवसांत दिसते, २० अंशांत १७ दिवस लागतात, १५ अंशांत २७. मिरची २५ अंशांत ८ दिवस, १५ अंशांत २५. काकडी ३० अंशांत ३ दिवस, १५ अंशांत १३. कांदा मात्र थंडीला भीत नाही: १० अंशांतही १३ दिवसांत येतो, २५ अंशांत ४ दिवसांत, आणि ३५ अंशांवर गेला की पुन्हा १३ दिवसांवर रेंगाळतो.

हे आकडे मातीच्या स्थिर तापमानाचे आहेत. रानात तापमान दिवसभर वर-खाली होतं, म्हणून दिवस थोडे मागेपुढे होतात.

टोमॅटोच्या आकड्यांत एक गंमत आहे. १५ मधून साडेआठ वजा करा आणि १४ ने गुणा: ९१. २० मधून साडेआठ वजा करा आणि ८ ने गुणा: ९२. म्हणजे किमान तापमानाच्या वर जेवढी ऊब रोज मिळते तिची बेरीज एका ठरावीक आकड्याला पोचली की बी वर येतं. ऊब कमी असेल तर दिवस जास्त. शास्त्रात याला उष्णता-काळ म्हणतात, आणि रोपवाटिकावाले हा हिशोब कागदावर न मांडताही रोज वापरत असतात.

हवेचं तापमान बघायचं की मातीचं?

मातीचं, तेही बी जिथे पडलंय त्या खोलीचं. मोबाईलवर दिसतं ते सावलीतल्या हवेचं. एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारी हवा ३७-३८ अंश असते तेव्हा उघड्या, कोरड्या, काळ्या रानाचा पृष्ठभाग ५० च्या पुढे गेलेला असतो. त्याच रानात सकाळी सातला पाच सेंटिमीटर खाली हात घातला तर माती सुखद लागते. ओली माती हळू तापते आणि हळू निवते. पाचट किंवा गवताचं आच्छादन असेल तर दिवस-रात्रीतला चढउतार आणखी कमी होतो.

लांब दांड्याचा साधा थर्मामीटर मिळतो. सकाळी आणि दुपारी पाच सेंटिमीटरवर मोजा, दोन-तीन दिवस. तेवढ्यात चित्र स्पष्ट होतं. शहर आणि पन्हाळा यांच्यात सुमारे ४०० मीटर उंचीचा फरक आहे, म्हणजे हवेतच दोन-अडीच अंश. हिवाळ्यात मिरचीच्या उगवणीत त्याने दोन-तीन दिवसांचा फरक सहज पडतो.

उन्हाळ्यात कोथिंबीर का उगवत नाही? बियाणं बदललं तरी तेच.

कारण दोष बहुधा बियाण्याचा नसतोच. धने, लेट्यूस, सेलरी, काही प्रमाणात गाजर, ही थंड हवेची पिकं. ओलं झालेलं बी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की स्वतःच थांबतं. लेट्यूसच्या अनेक वाणांत ही हद्द २८ ते ३० अंशांच्या आसपास आहे. ३५ अंशांवर साधा लेट्यूस जवळपास उगवतच नाही. लेट्यूसवर झालेल्या संशोधनात दिसलंय की उष्णतेत बी ॲब्सिसिक आम्ल बनवत राहतं आणि जिबरेलिनची निर्मिती दबते. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. भर उन्हाळ्यात एखाद्या सरीवर उगवलेलं कोवळं रोप दुसऱ्या दिवशी करपणार, त्यापेक्षा मातीत थांबलेलं बरं.

या थांबण्याचे दोन प्रकार आहेत. साधा असेल तर माती गार झाली की दोन-तीन दिवसांत बी पुन्हा चालू लागतं. पण ओल्या अवस्थेत फार दिवस तापलं तर ते हट्टाला पेटतं, म्हणजे पुढे गारवा मिळाला तरी उगवत नाही. तोवर बुरशीही लागते. म्हणून उन्हाळ्यात धने पेरून ‘येईल की कधीतरी’ म्हणत पाणी देत बसण्यात अर्थ नाही.

उपाय माती गार ठेवण्याचे आहेत. धने रगडून दोन पाकळ्या करा, कारण अख्ख्या धन्यात दोन बिया असतात आणि सालीतून पाणी उशिरा शिरतं. रात्रभर भिजवा, भांडं गार जागी ठेवा. पेरणी संध्याकाळी करा. वर शेडनेट बांधा, मोड दिसेपर्यंत भाताच्या पेंढ्याचा पातळ थर द्या आणि तुषारने थोडं थोडं पाणी द्या. पाण्याची वाफ होताना माती निवते. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत हे सगळं करूनही जमणार नाही, कारण कुंडीच्या बाजू तापतात. तिथे मेथी लावा. मेथीला उन्हाचं एवढं वावडं नाही.

मे महिन्यात धूळवाफ पेरणी करतो. एवढ्या तापलेल्या मातीत भाताचं बी जळत कसं नाही?

हा या पानावरचा माझा आवडता प्रश्न. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी भागांत रोहिणी नक्षत्राच्या सुमाराला कोरड्या रानात कुरीने (पेरणीच्या अवजाराने) भात पेरतात आणि बी पावसाची वाट बघत पडून राहतं.

उत्तर बियातल्या ओलाव्यात आहे. नीट वाळवलेल्या भातात १२-१३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. इतक्या कोरड्या पेशीत द्रव जवळजवळ काचेसारखा घट्ट झालेला असतो, विकरं स्थिर असतात, आणि ५० अंशांचा मारा काही दिवस सहन होतो. प्रयोगशाळेत तर ताज्या भाताची सुप्तावस्था मोडायला त्याला मुद्दाम ५० अंशांत काही दिवस कोरडं तापवण्याची मान्य पद्धतच आहे. म्हणजे मे महिन्याची माती बियाला मारत तर नाहीच, उरलीसुरली सुप्तावस्थाही काढून टाकते आणि पहिल्या चांगल्या पावसाला सगळं बी एका दमात वर येतं. पेरणीचा हा रिवाज पिढ्यानपिढ्या चालत आलाय, आणि त्यामागचं शरीरशास्त्र चोख आहे.

धोका दुसरीकडे आहे. अर्धवट वळीव झाला आणि वरची दोन बोटं माती भिजली तर बी पाणी पितं. मुळाचं टोक बाहेर पडायच्या आत माती पुन्हा वाळली तर बी बहुतेक वेळा तग धरतं. एकदा मूळ बाहेर आलं की मात्र कोरडेपणा सोसण्याची त्याची ताकद संपते, आणि त्यानंतर आठ दिवस कडक ऊन पडलं तर दुबार पेरणी ठरलेली. म्हणून धूळवाफेत बी उथळ टाकू नये. किरकोळ सर पोचणार नाही इतक्या खोलीवर, चार-पाच सेंटिमीटरवर पडलेलं चांगलं.

काढणीआधीच भुईमूग शेंगेत उगवला. सगळ्या जातींत असं होतं का?

नाही. उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था नसतेच किंवा अगदी थोडी असते. पसऱ्या आणि निमपसऱ्या जातींत ती दीड-दोन महिने, काहींत त्याहून जास्त टिकते. उन्हाळी भुईमूग बहुतेक उपटा असतो, तो पक्व होतो मे अखेरीस, माती असते तिशीच्या घरात, आणि त्यावर वळीव. उगवायला याहून चांगली परिस्थिती कोणती? अशा वेळी पंधरा दिवस थांबून ‘अजून भरू दे’ म्हणण्यापेक्षा वेळेवर उपटून, शेंगा वर करून वाळवणं शहाणपणाचं. मुगाचंही तेच, ऑगस्टच्या झडीत शेंगेतच मोड येतात.

उलट अडचणही येते. पसऱ्या जातीचं ताजं बी लगेच पेरायचं असेल तर उगवण तुटक होते. शेंगा फोडून दाणे ४० अंशांत कोरडे तापवणं ही प्रयोगशाळेतली पद्धत. इथिलीन सोडणाऱ्या इथ्रेलचाही वापर करतात. शेतकऱ्याने शक्य असेल तर दोन महिने थांबावं, कारण कोरड्या उबदार साठवणीत सुप्तावस्था आपोआप सुटते.

आणि उन्हाळी पेरणीची घाई नको. किमान तापमान १८ अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय भुईमूग नीट उगवत नाही. जानेवारीतच पेरायचा असेल तर प्लास्टिक आच्छादनाने माती काही अंश उबदार राहते.

सोयाबीन?

जूनमध्ये आपल्याकडे तापमानाची अडचण जवळपास नसते. अडचण ओलीची. सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी प्यावं लागतं, मक्याला तीसेक टक्के पुरतं. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) आल्याशिवाय पेरू नका. बियाण्यासाठी जानेवारीत उन्हाळी सोयाबीन केलं तर मात्र गारठ्यामुळे उगवण लांबते. घाबरून मोडू नका.

थंडीत उसाची लागण केली, डोळे फुटत नाहीत. ही सुप्तावस्था का?

कांडी म्हणजे बी नव्हे, खोडाचा तुकडा. पण प्रश्न रास्त आहे, कारण तापमानाचा नियम डोळ्यालाही लागू पडतो. ३० अंशांच्या आसपास डोळे सर्वांत चांगले फुटतात, २० च्या खाली फार मंद होतात. आडसाली लागणीत जुलै-ऑगस्टला जे लवकर होतं त्याला डिसेंबर-जानेवारीत दुप्पट वेळ लागू शकतो, आणि तेवढ्या काळात कांडी कुजण्याची भीती वाढते. उभ्या उसात डोळे गप्प असतात ते शेंड्याच्या संप्रेरकांच्या दाबामुळे. कांडी तोडली की तो दाब जातो. बुंध्याकडचे जुने डोळे तरीही आळशी असतात, म्हणून बेण्याला नऊ-दहा महिन्यांचा कोवळा ऊस घ्यावा. थंडीत एक डोळ्याची रोपं ट्रेमध्ये, प्लास्टिक झाकून उबेत फोडून मग लावणं हा सरळ मार्ग. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेतही ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने गुंडाळतात ते याच उबेसाठी. फक्त पहिला मोड दिसताच गुंडाळी काढायला हवी. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट, पिवळी होतात.

बहावा, गुलमोहर, सुबाभूळ यांच्या बिया वर्षभर मातीत पडून राहतात. काय करायचं?

या बियांच्या सालीवर पाणी न शिरणारा थर असतो. आतला गर्भ तयार असतो, दार बंद असतं. पाणी उकळून भांडं खाली उतरवा, बिया टाका, तशाच रात्रभर राहू द्या. चुलीवर असताना कधीच टाकू नका, बी शिजेल. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार. बहाव्याच्या काही बिया यालाही दाद देत नाहीत. त्यांची कड दगडावर किंवा कानशीने घासा, गर्भाच्या टोकाची बाजू सोडून.

निसर्गात हे काम उन्हाळाच करतो. दिवसा तापणं आणि रात्री निवणं असं महिनोन्‌महिने चाललं की सालीतली ठरावीक कमजोर जागा सैल होते. स्टायलोसारख्या चाऱ्याच्या पिकात हे चांगलं अभ्यासलं गेलंय. सागाच्या फळांना रोपवाटिकेत आळीपाळीने भिजवून उन्हात वाळवतात, तोही याच जातीचा उपाय.

फणसाच्या आठळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या, एकही उगवली नाही.

फणस, आंबा, जांभूळ यांच्या बियांना सुप्तावस्था नाही आणि वाळणं किंवा गारठा सोसण्याची ताकदही नाही. फळातून काढल्यावर काही दिवसांत, ओल्या असतानाच लावा. पाठवायच्या असतील तर ओलसर भुशात, सावलीत.

सफरचंद आणि लॅव्हेंडरच्या बियांना मात्र फ्रीज लागतो असं वाचलं. खरं का?

खरं. ज्या प्रदेशात बर्फाळ हिवाळा असतो तिथलं बी शरदात पडतं आणि हिवाळा पार पडल्याची खात्री झाल्याशिवाय उगवत नाही. ती खात्री म्हणजे ओल्या अवस्थेत काही आठवड्यांचा गारवा. सफरचंदाच्या बीला साधारण ३ ते ५ अंशांत दोन-तीन महिने लागतात. कोकोपीट किंवा वाळू जेमतेम ओली करून, बी त्यात मिसळून, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कोरडं बी ठेवलं तर उपयोग शून्य. थंडीचे दिवस मोजण्यासाठी बी ओलं असावं लागतं. फ्रीझर नको. कोल्हापूरचा हिवाळा यासाठी पुरत नाही, पहाटेचे १४-१५ अंश हा त्या बियांच्या हिशोबी हिवाळाच नव्हे. आणि उगवलं तरी इथे सफरचंदं लागतील असं समजू नका. तो वेगळा विषय.

एकाच शेतातलं, एकाच जातीचं बी एका वर्षी लवकर उगवतं, दुसऱ्या वर्षी अडून बसतं. असं का?

दाणा भरताना झाडाने कोणतं हवामान पाहिलं याची छाप बियावर राहते. गव्हाचा दाणा गार हवेत भरला तर सुप्तावस्था जास्त, कडक उन्हात भरला तर कमी. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या तणात तर याला जबाबदार जनुकापर्यंत शास्त्रज्ञ पोचलेत: गारव्यात पक्व होणाऱ्या बियात ते जास्त चालतं आणि बी जास्त काळ झोपतं.

नांगरट केली की तणांचा नवा गालिचा येतो. एवढं बी येतं कुठून?

आधीपासून मातीत असतं. दहा-पंधरा सेंटिमीटर खाली दिवस-रात्रीचं तापमान जवळपास सारखं असतं. अनेक तणांचं बी तापमानातला रोजचा चढउतार ओळखतं: चढउतार मोठा म्हणजे पृष्ठभाग जवळ आणि वर सावली धरणारं दुसरं झाड नाही. नांगराने ते बी वर येतं, चढउतार मिळतो, उजेडाचा एक झोत मिळतो, तेवढ्यावर उगवण सुरू. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत पसरलं तर हे दोन्ही इशारे बंद होतात. तण कमी दिसण्याचं हे मोठं कारण आहे, ओल टिकते ती वेगळी. गाजरगवत मात्र फारसे नखरे करत नाही, ओल मिळाली की वर्षभर उगवतं.

रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी एप्रिल-मे महिन्यांत माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणा. ओलं बी उष्णतेला लवकर मरतं, हा धूळवाफेच्या अगदी उलटा न्याय. लव्हाळ्याच्या गाठी यातूनही बऱ्याच वाचतात.

घरी उगवण कशी तपासू?

सरसकट १०० बिया मोजा, निवडून घेऊ नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर टाका, गुंडाळी करा. २५ ते ३० अंशांची, ऊन न लागणारी जागा हवी. गव्हाला २० च्या जवळ. सोयाबीन पाच ते आठ दिवसांत मोजा. प्रमाणित बियाण्याचं किमान प्रमाण सोयाबीन आणि भुईमुगाला ७० टक्के, भाताला ८०, गहू आणि हरभऱ्याला ८५, मिरचीला ६० आहे. चाचणी गार फरशीवर करून बियाण्याला नावं ठेवू नका.

उरलेलं बी कुठे ठेवू?

ढोबळ नियम असा की बियातला ओलावा एक टक्का कमी केला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत आणि २००८ साली सुरू झालेल्या स्वालबार्डच्या बीजगृहात उणे १८ अंश ठेवतात ते याच तत्त्वावर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र मोठा शत्रू दमटपणा. कागदी पुडीतलं कांद्याचं बी ऑगस्टअखेर निम्मं मेलेलं असू शकतं. सावलीत खडखडीत वाळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, मग फ्रीजमध्ये ठेवा. पेरणीसाठी काढाल तेव्हा बरणी झाकण न उघडता रात्रभर बाहेर राहू द्या. गार बरणी लगेच उघडली तर हवेतली वाफ बियांवर जमते, आणि उरलेलं बी परत आत ठेवायच्या लायकीचं राहत नाही.